आमची इस्टेट विकली त्याची गोष्ट

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय तुझा तू ठरव, म्हणाले. सकाळपासून इथे आपल्यातली मोठी मोठी माणसं बोलली. कुणी बँकेतून निवृत्त झालंय, कुणी मुख्याध्यापक झालंय, कुणी मुंबईला पोलिसात आहे. मी १९८३ च्या दहावीचा. नंतर आयटीआय केलं, भोसरीला लेथवर बरीच वर्षं काढली आणि २००४ साली हिर्डोशीला परत येऊन भाताची गिरणी टाकली. म्हणजे मी बोलणार ते एक तर भातावर, नाही तर यंत्रावर. आपला इंद्रायणी तुम्ही आत्ताच पोटभर जेवलात, त्याच्याबद्दल आणखी काही सांगायची गरज नाही. म्हणून यंत्रावर बोलतो. २०२५ च्या मे महिन्यात मी माझी जुनी गाडी विकली. ती कशी विकली, एवढंच सांगायचं आहे.

गाडीचं नाव टाटा इस्टेट. या नावाने घरात गोंधळ झाला, तो आधी सांगतो. मी फोनवर कुणाला तरी म्हणालो, 'अखेर इस्टेट विकली बाबा.' आमच्या चुलतीने ते ओसरीवरून ऐकलं. ती तशीच आत आली. 'आरं, कुठली इकली? डोंगराकडची का वढ्याकाठची? आन् मला इचारलं न्हाई?' तिची समजूत घालायला अर्धा तास लागला. आपल्याकडे इस्टेट म्हणजे जमीनजुमला, घरदार. गाडीला असं नाव कोण देईल?

खरं तर हे नाव जमिनीवरूनच आलंय. विलायतेत मोठ्या जमीनदारांच्या मालमत्तेला इस्टेट म्हणत. रेल्वे स्टेशनावर उतरलेले पाहुणे, त्यांच्या ट्रंका, शिकारीचं सामान, कुत्री, हे सगळं वाड्यापर्यंत न्यायला मागे लांबलचक जागा असलेल्या गाड्या असत. त्या इस्टेट कार. अमेरिकेत त्याच प्रकारच्या गाडीला स्टेशन वॅगन म्हणू लागले, कारण तीही स्टेशनावरून माणसं-सामान आणायची. दोन्हींत मुद्दा एकच. छप्पर सरळ मागपर्यंत जातं, डिकी वेगळी नसते, मागचं सीट आडवं केलं की घरातली एक खोलीच मोकळी होते.

आपल्या देशात ही जात फारशी रुजली नाही. टेल्कोने पिंपरीच्या कारखान्यात १९९१ साली सिएरा काढली आणि १९९२ साली इस्टेट. दोन्ही गाड्या त्यांच्याच पिकअपच्या सांगाड्यावर बांधलेल्या. इंजिन डिझेलचं, १,९४८ सीसी. काचा बटणावर वर-खाली व्हायच्या, तेव्हा त्याचं केवढं अप्रूप. टेल्कोने १९५४ पासून जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर ट्रक बांधले होते, त्यामुळे असेल, पण इस्टेट मागून बघितली की लोक म्हणायचे, ही तर मर्सिडीजची धाकटी बहीण. पण १९९४ साली सुमो आली. खेड्यातल्या माणसाने हिशेब केला, की एवढ्याच लांबीत सुमोत वऱ्हाड बसतं. शहरातल्या माणसाला मागे वेगळी डिकी असलेली गाडी हवी होती. इस्टेट मध्येच राहिली आणि २००० च्या सुमारास बंद झाली. पुढे इंडिगो मरिना आली, स्कोडाची कॉम्बी आली, त्याही टिकल्या नाहीत.

माझी गाडी १९९५ ची. पहिले मालक पुण्यातले डॉक्टर. २००४ साली मी ती घेतली तेव्हा मित्र म्हणाले, बंद पडलेल्या मॉडेलची गाडी कशाला घेतोस, सुटे भाग कुठून आणशील? मी घेतली ती मागच्या जागेसाठी. गिरणीला पोती वाहायची होती. पण पोत्यांसाठी घेतलेली गाडी पुढे कशाकशाला लागली, ते तुमच्यातल्या इथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे.

बाहेरगावी गेलेल्यांसाठी सांगतो. आपल्या खोऱ्यातला पाऊस तुम्ही विसरला नसाल. जुलैत वरंध्याचा घाट दरडींनी बंद, भोरकडून येणारी एसटी कधी येईल कधी नाही. राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सुरू झाली २०१४ साली. त्याच्या आधीची दहा वर्षं रात्री कुणाच्या पोटात कळा आल्या, कुणाला साप चावला, कुणी झाडावरून पडलं, की आमच्या दारात बॅटरी घेऊन माणूस उभा. मागचं सीट आडवं करायचं, गादी टाकायची, त्यावर घोंगडी. जीपमध्ये माणूस बसवून न्यावा लागतो, यात निजवून नेता यायचा. बायको मागे पेशंटचं डोकं मांडीवर घेऊन बसायची, मी पुढे, आणि धरणाच्या कडेकडेने भोरचा रस्ता. किती वेळा गेलो ते मोजलं नाही. पण एकदाही गाडी वाटेत थांबली नाही, हे मात्र सांगू शकतो. आणि ती का थांबली नाही, त्याचं कारण इथे समोर पहिल्या रांगेत बसलंय.

आपले कार्यानुभवाचे सर. सर, तुम्हाला आठवतं का माहीत नाही. आठवीत तुम्ही आम्हाला शाळेच्या वस्तूंची वही घालून दिली होती. बाक, खिडक्या, घंटा, हातपंप. पानावर पाच रकाने आखायला लावलेत. तारीख, काम, कुणी केलं, खर्च, आणि शेवटचा रकाना 'राहिलेलं'. आम्ही पहिले चार भरायचो आणि पाचवा कोरा ठेवायचो. तुम्ही वही परत द्यायचात. म्हणायचात, 'केलेलं काम कुणीही लिहितो. राहिलेलं लिही, म्हणजे पुढच्याला कळेल.' पुढच्याला म्हणजे कुणाला, हे तेव्हा समजत नव्हतं. मला ते कळायला चाळीसहून जास्त वर्षं लागली.

भोसरीला मालकाच्या मशीनची वही ठेवली, गिरणीची ठेवली, तशीच गाडीचीही ठेवली. शंभर पानी तीन वह्या भरल्या. ऑइल कधी बदललं, डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी कधी सोडलं, पंप-नोझलचं काम कधी केलं, ग्रीसिंग कधी. दर पावसाळ्याआधी गाडी वर घेऊन खालचा पत्रा धुवायचा, वाळवायचा, गंजाला तार ब्रश मारायचा आणि काळं कोटिंग द्यायचं. आपल्याकडे गाडी इंजिनाने मरत नाही, गंजाने मरते. इंजिन बोलतं, धूर टाकतं, आवाज करतं. गंज गप्प बसून पत्रा खातो.

सुटे भाग मिळवणं हा एक वेगळाच छंद झाला. इंजिनाचं फारसं अडलं नाही, कारण तेच घराणं पिकअपमध्ये होतं. नाना पेठेत दुकानदाराला गाडीचं नाव सांगितलं तर तो डोकं हलवायचा. पिकअपचं सांगितलं की डबा काढून द्यायचा. अडायचं ते अंगावरच्या वस्तूंचं. दाराची रबरं, डिकीचे शॉकर, मागच्या लाइटच्या काचा. डाव्या बाजूची काच फुटली तेव्हा पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार आणि रविवार धरून पाच फेऱ्या केल्या. मिळाली तीही चिरलेली. चिकटवून बसवली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'काच चिकटवलेली आहे, मूळची मिळाली तर बदलणे.'

आता विकायची वेळ का आली? मला काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी रात्रीची गाडी बंद करायला सांगितली. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याच्याकडे त्याची छोटी गाडी आहे. पोती वाहायला आता टेम्पो मिळतो, पेशंटला १०८ येते. इस्टेट शेडमध्ये उभी राहू लागली. आणि यंत्राचं एक आहे, चालती गाडी जेवढी झिजते त्याहून उभी गाडी लवकर बिघडते. टायर बसतात, बॅटरी जाते, उंदीर वायरी कुरतडतात. तेव्हा ठरवलं, चालू स्थितीत आहे तोवर चालवणाऱ्याच्या हातात द्यायची.

तिचं वय अडचणीचं होतं. सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी नियम केला. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिला वेगळ्या तऱ्हेचा नंबर मिळतो. त्या हिशेबाने सगळ्यात पहिली इस्टेटसुद्धा २०४२ च्या आधी व्हिंटेज होत नाही. त्याच वर्षी जुन्या गाड्या मोडीत काढायचं धोरणही आलं. म्हणजे तीस वर्षांची गाडी ही मोडीत काढण्याइतकी म्हातारी, पण मान मिळण्याइतकी म्हातारी नाही. आपल्या वयाची मंडळी हसताहेत, त्यांना मुद्दा समजला.

कागद आधी करून घेतले. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते, गाडी तपासणीला न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. पूर्वी नूतनीकरणाचं शुल्क सहाशे रुपये होतं, २०२२ च्या एप्रिलपासून ते पाच हजार झालं. मी विकण्याआधीच भरून घेतलं. शेजारी म्हणाले, विकायचीच आहे तर घेणारा भरेल. पण कागद अर्धवट ठेवून गाडी विकणं म्हणजे वाटणीतला वाद अंगावर ठेवून जमीन विकणं. पुढे त्याच ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना हे शुल्क दहा हजार झालं, ते घेणाऱ्याचंही वाचलं.

गाडी विकायची आहे, असं चार ठिकाणी सांगितलं आणि माणसं यायला लागली.

पहिला आला भंगारवाला. त्याने गाडीकडे पाहिलंही नाही, वजन विचारलं. चाळीस हजारांच्या आत बोलला. त्याच्या दृष्टीने तो बरोबर होता, त्याच्याकडे काटा होता.

दुसरा सुटे भाग विकणारा. त्याला इंजिन आणि गिअरबॉक्स हवं होतं. एक लाख दहा हजार देतो, म्हणाला. 'बाकीच्या गाडीचं काय करणार?' विचारलं तर म्हणाला, 'बाकी काय हाय तिच्यात?'

तिसरे जरा वजनदार होते. तुम्हाला माहीतच आहे, भोरच्या राजवाड्यात सिनेमांची शूटिंगं सारखी चालू असतात. शूटिंगला जुन्या गाड्या पुरवणारे एक गृहस्थ आले. नव्वदच्या दशकातली गाडी हवी होती, अशी जपलेली पुन्हा मिळायची नाही म्हणाले. दोन लाख चाळीस हजार रोख. मी आतून खूश झालो, खोटं कशाला बोला. बायकोने चहा ठेवला. मग ती दाराशी येऊन सहज म्हणाली, 'शिनेमात काय दाखवणार हिला?' ते म्हणाले, 'वहिनी, अपघाताचा सीन आहे. घाटातून खाली जाते.' तिने विचारलं, 'खोटं खोटं का खरंच?' ते म्हणाले, 'एकदाच घ्यायचा असतो हो शॉट.' तिने कपबश्या ठेवल्या होत्या त्या तशाच उचलून आत नेल्या. चहा झालाच नाही.

ते गेल्यावर मात्र रात्री तिनेच हिशेब मांडला. 'अहो, दोन चाळीस कुणी देणार न्हाई दुसरं. तुमच्या डोळ्याचा खर्च हाय, गिरणीची मोटर बदलायचीय.' तिचं गणित चुकलेलं नव्हतं. मी म्हणालो, 'मग देऊ या त्यांना.' ती गप्प बसली. मग म्हणाली, 'तिच्यात माझ्या मांडीवर एक पोर जन्माला आलंय. दरीत कशी ढकलायची?' ते पोर आता कॉलेजला आहे. आज इथे वाढायला होतं, त्याचं नाव घेत नाही, लाजेल.

चौथे आले ते वाईकडचे. रोपवाटिका आहे त्यांची. मांढरदेवच्या घाटाने सकाळी लवकर निघून आले. फोनवरच त्यांनी सांगितलं होतं, 'मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.' तेव्हाच कळलं की माणसाला डिझेलची समज आहे. जुनं इंजिन थंड असताना खरं बोलतं. विकणारे गिऱ्हाईक यायच्या आधी ते तापवून ठेवतात, म्हणजे एका चावीत सुरू होतं आणि धूरही दिसत नाही. माझी गाडी थंडच होती. हीटरचा दिवा विझेपर्यंत ते थांबले, मग चावी फिरवली.

त्यांच्याबरोबर त्यांचा मिस्त्री होता. त्याने खिशातून लोहचुंबक काढलं आणि फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवलं. पत्रा असेल तिथे चुंबक धरतं, लांबी भरलेली असेल तिथून सुटतं. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडून किती वाफ येते ते पाहिलं. खाली झोपून सांगाडा पाहिला. तोपर्यंत मी तिन्ही वह्या आणून ओट्यावर ठेवल्या.

त्या गृहस्थांनी वही उघडली आणि पहिल्या पानापासून नाही, शेवटच्या पानापासून वाचायला घेतली. पाचवा रकाना. मग मोठ्याने वाचू लागले. 'मागच्या डाव्या चाकावरचा पत्रा आतून खाल्लेला, २०१६ ला लांबी भरली, कापून नवा पत्रा लावणे राहिलेलं. एसीचा गॅस टिकत नाही, २०१९ पासून बंद. दुसरा गिअर थंडीत अडतो. उजव्या मागच्या काचेची मोटर मंद. डाव्या लाइटची काच चिकटवलेली.' मिस्त्रीने चुंबक नेमकं डाव्या चाकावर लावलं. ते सुटून खाली पडलं. मिस्त्री म्हणाला, 'ल्हिलंय तसंच हाय.'

माझा मुलगा त्या दिवशी घरी होता. त्याने मला बाजूला घेतलं. 'बाबा, ही वही दाखवायची काय गरज होती? तो आता एकेक ओळीचे पैसे कापेल.' आणि कापलेच त्यांनी. मी दोन लाख तीस हजार सांगितले होते. पत्र्याचे पंधरा, एसीचे दहा, गिअरचे सात, काच आणि मोटरचे मिळून तीन. हिशेब त्यांनी माझ्यासमोर, माझ्याच पेन्सिलने केला. एक लाख पंच्याण्णव हजारांवर ठरलं. सिनेमावाल्यांच्या भावापेक्षा पंचेचाळीस हजार कमी.

आता पोरांना वाटतं, हा म्हातारा भाबडा. म्हणून इथे माझं म्हणणं नीट सांगतो.

जुन्या गाडीचं मोल तिच्या लोखंडात नाही, ते भंगारवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चाळीस हजारांची वस्तू एक लाख पंच्याण्णव हजारांना गेली. मधले दीड लाख कशाचे? तिची निगा राखली त्याचे. पण निगा डोळ्यांना दिसत नाही. रंग चकचकीत कुणीही मारतो. निगेचा पुरावा एकच, तो म्हणजे त्या वह्या, आणि त्यांवर विश्वास बसतो तो पाचव्या रकान्यामुळे. सगळी कामं झाली असंच जर वहीत असतं, तर त्या मिस्त्रीने एका चुंबकाने तिन्ही वह्या खोट्या ठरवल्या असत्या. एक दोष लिहिलेला खरा निघाला, म्हणून न दिसणारी शंभर कामं त्याने खरी धरली. पस्तीस हजार कापले गेले, पण उरलेली किंमत त्या पस्तिसामुळेच मिळाली.

आणि दुसरं. मांढरदेवच्या घाटात उतारावर दुसरा गिअर अडला, तर तो का अडतो हे चालवणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे. मी ते लपवलं असतं तर पैसे माझ्याकडे आले असते आणि घाट त्याच्या वाट्याला. सर, पुढच्याला कळेल म्हणत होतात, तो पुढचा मला त्या दिवशी ओट्यावर बसलेला दिसला.

इथे बसलेल्या आपल्या एका डॉक्टर मैत्रिणीने मला सकाळीच टोकलं, की एवढी जुनी डिझेल गाडी रस्त्यावर ठेवणंच योग्य का? प्रश्न रास्त आहे. ही गाडी बनली तेव्हा युरो-एकच्या धर्तीचे नियमही आपल्याकडे नव्हते, ते २००० साली आले. दिल्लीच्या परिसरात तर दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदीच झाली. पुण्याच्या गर्दीत रोज ऑफिसला जायला ही गाडी कुणी मागितली असती, तर मी विचार केला असता. हे गृहस्थ आठवड्यातून दोनदा रोपं घेऊन बाजाराला जातात. पंपाचं काम वेळच्या वेळी केलं तर तिचा धूर आटोक्यात राहतो, पीयूसीला ती दर वेळी पास झाली. निगा ही फक्त मालकाच्या फायद्याची नसते, मागून चालणाऱ्याच्या फुप्फुसाचीही असते.

ज्यांना घरची जुनी गाडी, ट्रॅक्टर, मोटरसायकल विकायची आहे, त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. आपल्याकडे सह्या करून, चावी देऊन, हात जोडून मोकळे होतात. तसं करू नका. गाडी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं, की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी ज्याचं नाव आरटीओच्या नोंदीत आहे त्याची, गाडी मधे तीन-चार हातांतून गेलेली असली तरी. म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरा, चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा घ्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव चढवून घ्यायचं असतं. विमाही चौदा दिवसांत नव्या नावावर करायला लावा. फास्टॅग बंद करा, नाही तर तो टोलनाक्यावरून जाईल आणि मेसेज तुम्हाला येत राहतील. पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. मी लिहिली होती, दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटं. त्यानंतरचं सगळं त्यांचं.

शेवटी चुलतीच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो मनातून गेला नाही. कुठली इस्टेट विकली? आपल्या खोऱ्यात हा शब्द जपून वापरावा लागतो. नीरा-देवघरच्या पाण्याखाली किती जणांची खाचरं गेली, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. काहींच्या घरांचे चौथरे अजून उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतात. कागदावरची जमीन एका नोटिशीत गेली. पण भात कसा लावायचा, बांध कसा घालायचा, बियाणं कसं राखायचं, हे ज्यांना येत होतं ते जिथे गेले तिथे ते घेऊन गेले. मला वाटतं ती खरी इस्टेट. ती सात-बारावर नसते आणि आरसी बुकातही नसते. ती एका हातातून दुसऱ्या हातात देता येते, आणि दिली तरी आपल्याकडची कमी होत नाही. सरांनी आठवीत आम्हाला दिली, त्यांचं काही कमी झालं नाही.

तिन्ही वह्या मी गाडीबरोबर देऊन टाकल्या. दसऱ्याला वाईहून मोबाइलवर एक फोटो आला. चौथी वही आणलेली, पहिल्या पानावर पाच रकाने आखलेले. चाकावरचा पत्रा कापून नवा बसवला, खर्च साडेअकरा हजार. म्हणजे पंधरा कापले होते, साडेतीन त्यांना फायदा झाला. शेवटच्या रकान्यात दोन नवी कामं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती.

सर, वहीचं पान तुम्हाला दाखवायला मोबाइल बरोबर आणलाय. तुम्ही तपासून सही करा, एवढी विनंती करतो आणि थांबतो.